बुडालेल्यानं उठायचं नाही

ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या दुकानाच्या पाटीवर टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, स्पायरल बाइंडिंग असं सगळं रंगवलेलं आहे. कादंबरी हा शब्द त्यात नाही. तरी एका दुपारी दिगंबर मढवी नावाचे गृहस्थ आत आले, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, यात एक देश आहे. जरा जपून हाताळा."

मी मनात म्हटलं, आलं का आणखी एक येडं! आमच्या धंद्यात असली माणसं येतातच. कुणी स्वतःवरच पोवाडा लिहून आणतो, कुणी वरच्या मजल्याच्या गळक्या बाथरूमबद्दल थेट राष्ट्रपतींना अर्ज करतो. आपण हो हो म्हणायचं आणि टाइप करून द्यायचं. पण मढवींच्या गठ्ठ्यात पहिल्याच पानावर हाताने काढलेला नकाशा होता. एक खाडी, काठाने चार गावं, मध्ये मिठागरं, तिवरांचं रान आणि प्रत्येक गावाभोवती मातीचा बांध. गावांची नावं मी जन्मात ऐकलेली नव्हती.

"हे कुठे आलं हो?" मी विचारलं.

"मानपाड्याच्या पलीकडे," ते म्हणाले. "म्हणजे आता नाही. आणि पूर्वीही नव्हतं."

उंच, किडकिडीत, खांद्यातून जरा वाकलेला माणूस. हाफ शर्टच्या खिशात पेन आणि कंगवा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, त्यामुळे नखांच्या कडेला कधी निळा तर कधी पिवळा रंग राहिलेला असायचा. तिथेच जवळ मानपाड्याला त्यांच्या वाडवडिलांची भातशेती होती. धाकटा भाऊ बाळाराम, त्याने त्या शेतीवर टॉवर उभे केले आणि तो बाळूशेठ झाला. गळ्यात चेन, दारात मोठी गाडी, वाढदिवसाला नाक्यावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स. मढवी त्याच टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, ते मी एकदा विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं हो." लाइटबिल भरायचं राहून गेलं, हे माणूस जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज म्हणाले.

त्यांच्या त्या देशाचं नाव खाजणराज्य; खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची जमीन. 'मी लिहिलं' असं हा माणूस कधी म्हणायचा नाही. 'तिकडे काल असं झालं' म्हणायचे. तिकडे अंतर कोसांत मोजत नाहीत, भरती-ओहोटीत मोजतात, म्हणून इकडेही तसंच. "उशीर झाला का?" विचारलं तर उत्तर यायचं, "अर्धी ओहोटी लागली, कल्याण फाट्याला ट्रॅफिक होता." सुरुवातीला मी वैतागायचे. पुढे पुढे मीच गिऱ्हाइकाला सांगायला लागले, की पत्रिका उद्याच्या भरतीला मिळतील. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहायचं.

एकदा सकाळी दुकान उघडतेय तर हे पायरीवर बसलेले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाले, "ताई, राणी गेली." मला वाटलं, घरात कुणीतरी. मी हातातलं शटर तसंच सोडलं, त्यांना आत बसवलं, समोरून चहा मागवला. कधी झालं, कसं झालं, विचारत सुटले. हे सांगत होते, की बांध फुटला तेव्हा ती एकटीच मिठागरावर होती, कुणी पोचूच शकलं नाही. चहा संपत आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही राणी म्हणजे कादंबरीच्या तिसऱ्या खंडातली.

"अहो मढवी! तुम्हीच मारलीत ना तिला? मग वाचवायची होती!"

"असं करता येत नाही, ताई. पाणी आलं होतं." आणि जरा थांबून, "कंपनीत सुट्टी टाकलीय. कारण लिहिलं, घरात दुःख."

हसावं की रडावं कळेना. पण एक सांगते, त्या दिवशी त्या माणसाचं दुःख खोटं नव्हतं. आणि ते सांगायला अख्ख्या डोंबिवलीत कुणी नव्हतं, म्हणून तो माझं दुकान उघडायची वाट बघत बसला होता, हेही मला तेव्हाच कळलं.

असे तीन खंड मी टाइप केले. मढवी स्वतःच्या पगारातून थोड्या प्रती काढायचे आणि वाटायचे. वाचनालयांत, कारखान्यात, वर्तकनगरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. मी विचारलं, "वाचतात का हो लोक?"

"ठेवून घेतात," ते म्हणाले.

मी वाचलेत. टाइप करताना माणूस वाचत नाही, बोटं वाचतात, असं आमच्यात म्हणतात. पण मढवींचं मी वाचायचे. त्यात तलवारबाज राजपुत्र नव्हते, की आग ओकणारे प्राणी नव्हते. रात्री बांधात स्वतःला गाडून घेणारे राखणदार होते. मीठ खाऊन खरं बोलणारे मासे होते. जादू होती, पण ती केली की अंगातला एखादा वास कायमचा निघून जायचा, आईच्या हाताचा, नाहीतर भाताचा. हे सगळं त्या स्टोअरकीपरच्या डोक्यात कुठून येत होतं, देव जाणे.

तिसरा खंड संपला आणि ते खेळाच्या मागे लागले. "वाचायला माणूस एकटा बसतो, ताई," ते म्हणाले. "मला तिकडे चौघं एकत्र बसलेली बघायचीत. एकदा तरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत." यापलीकडे त्या माणसाने आयुष्याकडे काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

खेळाचं नाव 'खाजण'. पट मोठा पाहिजे, म्हणून भावाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स घेऊन त्याच्या पाठीवर रंगवलेला. उलटा केला की बाळूशेठ हात जोडून हसताहेत! चार गडी, चार गावं. प्रत्येकाने मातीची ढेकळं रचून आपला बांध राखायचा. निळी बटणं म्हणजे पाणी. फासा पडेल तसं पाणी पुढे येतं, आणि ज्याचा बांध फुटला तो बुडाला. इथवर सोपं आहे. पण मढवींचा खरा नियम पुढे होता. बुडालेल्यानं उठायचं नाही. तो आता पाणी झाला. पुढे पाणी त्यानेच हलवायचं. कुणाच्या अंगावर घालायचं, कुणाला सोडायचं, ते तो ठरवणार. म्हणजे जो पहिला हरला, त्याच्याशिवाय बाकीच्यांचा खेळ पुढे जाऊच शकत नाही.

"माझ्या खेळात कुणी बाहेर जात नाही," हे सांगताना ते जरा ताठ बसायचे.

एका दिवाळीच्या आधी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं, तिथे मी त्यांना टेबल मिळवून दिलं. एका बाजूला तयार फराळ, दुसऱ्या बाजूला कुर्ते. मढवी इस्त्रीचा शर्ट घालून चार स्टुलं मांडून बसले. लोक यायचे आणि विचारायचे, "भाजणी कुठे मिळते हो?" मी मधूनमधून दुकान सोडून जाऊन बघत होते. एक कुटुंब बसलं एकदाचं. आईबाप आणि दोन मुली. मला इतकं बरं वाटलं! पण मढवींनी काय करावं? फासा हातात द्यायच्या ऐवजी त्यांनी खाडी कशी जन्मली तिथपासून सुरुवात केली. पहिला बांध कुणी घातला, मिठाचा शाप कुणाला लागला. दुसऱ्या राजापर्यंत येईतो आई चकल्या घ्यायला उठली, ती परत आली नाही.

"अहो, आधी खेळू द्या ना त्यांना!" मी ओरडले. "इतिहास काय पळून जातोय?"

"ताई, आपण कुठे आलोय ते न सांगता माणसाला घरात कसं घ्यायचं?"

संध्याकाळी आणखी काही जण बसले. पण दर वेळी तेच. पहिला बुडाला, की त्याला फोन यायचा, नाहीतर त्याला गाडी पकडायची असायची. तो "तुमचं चालू द्या" म्हणून उठायचा, आणि पाणी हलवायला कुणी उरायचं नाही. मग बाकीचेही उठायचे. एकही डाव पुरा झाला नाही.

पण त्या गर्दीत एक मुलगा होता, पुण्याच्या खेळ बनवणाऱ्या एका कंपनीतला. तो दुसऱ्या आठवड्यात माझ्या दुकानात मढवींना भेटायला आला. हुशार मुलगा, उगाच नावं का ठेवू? त्याला खेळ मनापासून आवडला होता. चित्रं छान करू, खोका छान करू, देशभर पाठवू, वर कादंबऱ्याही लोक शोधत येतील. मी काउंटरमागे मनातल्या मनात पेढे वाटत होते. मग तो म्हणाला, "सर, फक्त एक बदल. बुडाला तो आउट. आजकाल हरलेला माणूस बसत नाही, मोबाइल काढतो. त्याला सोडून द्यायचं. मग दोघांतही खेळता येईल, पटकन संपेल."

मढवींनी विचारलं, "तो जाऊन बसणार कुठे?"

"कोण, सर?"

"आउट झालेला."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मढवी म्हणाले, "लहानपणी लंगडीत मीच पहिला बाद व्हायचो. मग रेघेबाहेर बसायचं. आत काय चाललंय ते सगळं दिसतं, कोण पडलं, कोण हसलं. आणि आपण तिथे आहोत हे कुणाच्या लक्षातही नसतं. तेवढं माझ्या खेळात नको."

झालं. मुलगा नमस्कार करून गेला. मी अशी भडकले! म्हटलं, "मढवी, अहो, लक्ष्मी टिळा लावायला आली नि तुम्ही कपाळ धुवायला गेलात! एक नियम! एका नियमापायी?"

"तो एक काढला तर बाकी नुसती बटणं उरतात, ताई," ते म्हणाले, आणि स्टेशनकडे चालायला लागले.

त्यानंतर पुतण्याची हळद आली. आगरी घरची हळद म्हणजे विचारायलाच नको. मांडव, डीजे, सगळा गाव. बाळूशेठ स्वतः दुकानात येऊन आमंत्रण देऊन गेलेले, म्हणून मी गेलेले. ऐन तिन्हीसांजेला ट्रान्सफॉर्मर उडाला आणि जनरेटरही रुसला. डीजे गप्प. इतकी माणसं, आणि करायला काही नाही. तेवढ्यात मढवी वर जाऊन फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आले. मांडवात सतरंजीवर अंथरली. कुणाला काही बोलले नाहीत, नुसते बसले.

पहिली बसली वनिता, बाळूशेठची बायको, अंगभर दागिने, गालाला हळद. "दादा, मना शिकवा," म्हणाली. मग बाळूशेठ बसले. चौथी मी. इतिहास सांगायला उजेडच नव्हता, मोबाइलच्या बॅटऱ्या लावून सरळ खेळ सुरू झाला. वनिता लवकर बुडाली. तिला वाटलं संपलं. मढवी म्हणाले, "आता तू पाणी." तिच्या ते ध्यानात आलं मात्र, तिने पदर खोचला. "आता बघतंय मी तुमच्याकं!" म्हणत सगळी बटणं नवऱ्याच्या गावावर घातली. मांडव असा हसला! बायका ओरडायला लागल्या, "वयनी, डुबव त्याला, डुबव!" बाळूशेठ हात जोडून बायकोची माफी मागताहेत. मी मढवींकडे बघितलं. ते खेळाकडे बघतच नव्हते. आजूबाजूच्या वाकलेल्या तोंडांकडे बघत होते, एकेक तोंड.

आणि जनरेटर सुरू झाला. डीजे असा दणकला की छाती हलली. सगळी माणसं उठली. बाळूशेठला पोरांनी ओढून नेलं. वनिता तेवढी घुटमळली. "दादा, मी बुडालेली हाय ना? उठू का?"

"ऊठ गं," ते म्हणाले. "पोराची हळद आहे."

फ्लेक्सवरूनच लोक नाचायला लागले. मढवी नाचणाऱ्यांच्या पायांमधून रांगत निळी बटणं वेचत होते. मीही वेचायला बसले. वर बघितलं तर बाळूशेठ पोरांच्या खांद्यावर नाचता नाचता थांबलेला, आणि भावाकडे बघत होता.

काही दिवसांनी बाळूशेठ दुकानात आला. स्टुलावर बसला, चेन चाळवत म्हणाला, "ताय, दादाच्या खेलातला मना काय कलत नाय. पन तो बटना वेचत होता ना, ते मना बघवला नाय. चार मानसा लागतान ना? तीन मी देतो. साइटवरची. दर रयवारी बसतील."

"अहो बाळूशेठ, असं नसतं हो. त्यांना स्वतःहून बसावंसं वाटलं पाहिजे."

"कुनाला वाटतंय, ताय?" तो म्हणाला. "मना पन नाय वाटत. खोटा कशाला बोलू? पन भाऊ हाय तो माजा." आणि त्या एवढ्या आडव्या माणसाने तोंड फिरवून डोळे पुसले.

मग एका रविवारी मढवींचा फोन. आवाज एवढा मोठा की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. "ताई, पुरा झाला! चौघं होते. शेवटपर्यंत बसले!" मी "अरे वा, अरे वा" म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार होते?

पुढे बरेच महिने ते दुकानात आले नाहीत. मधल्या काळात त्यांनी चौथा खंडही टाइपला दिला होता, त्याची तपासायची पानं माझ्याकडे पडून होती, म्हणून मीच एका रविवारी मानपाड्याला गेले. ती आमची शेवटची भेट. त्याच पावसाळ्यात ते झोपेत गेले, वनिताने फोन करून कळवलं. तेव्हा आता लिहितेय ते त्या रविवारचं.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये फ्लेक्स अंथरलेला, भोवती मढवी आणि तिघं जण. एक सुपरवायझर, एक ड्रायव्हर, एक गवंडी. मढवींनी हात करून मला खुर्ची दाखवली. मी बघत बसले. मला त्या खेळातलं फार कळत नाही, पण तिघंही खाडीच्या बाजूला बांधच घालत नव्हते, एवढं मलाही दिसत होतं. ड्रायव्हर बुडाला. बुडाला आणि उभा राहिला. "येऊ का, दादा?"

"ये," मढवी म्हणाले. त्याने चपला घातल्या आणि गेला. पाठोपाठ गवंडी बुडाला. "येतो, दादा." तोही गेला.

मला राहवेना. मढवी माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले, तशी मी मागोमाग गेले. "अहो, बुडालेल्यानं उठायचं नाही ना? तुमचा नियम?"

त्यांनी गॅस बारीक केला. "ताई, खेळ माझा आहे. बांध कुठे कच्चा ठेवला की फुटतो, ते मला नाही कळणार? पहिल्याच रविवारी कळलं, यांना कुणी पाठवलंय ते. तुम्हाला फोन केला, तेव्हाही माहीत होतं." ते आलं ठेचत होते. "बाळ्याला वाटतं मला कळत नाही. वाटू दे. पण त्या पोरांचाही रविवार असतो हो. एकाची बायको गरोदर आहे. त्यांना कशाला बसवून ठेवू?"

"मग त्या कंपनीला तेव्हाच हो म्हणायचं होतंत!"

"नाही," ते म्हणाले. "तिथे तो नियम सगळ्यांसाठी निघाला असता. इथे फक्त माझ्या घरात निघालाय."

बाहेरून सुपरवायझरने हाक मारली, "दादा, मी पन बुडालो बघा!" दार ओढल्याचा आवाज झाला.

चहा पिऊन मी म्हटलं, "मी बसते. चला, कुठलं गाव घेऊ?" त्यांनी मान हलवली. "चालू डावात नवा गडी घेता येत नाही, ताई. पुन्हा कधीतरी या, पहिल्यापासून बसू." मी पानं टेबलावर ठेवली. ते पटाशी जाऊन मांडी घालून बसले. मी पायऱ्या उतरायच्या आधी दारातून एकदा मागे बघितलं. पाणी त्यांच्या गावाच्या बांधाला लागलं होतं. ते एक ढेकूळ उचलून बांधावर ठेवायचे, मग पलीकडे सरकून बुडालेल्यांच्या जागी बसायचे, आणि स्वतःच्याच गावाकडे एक बटण पुढे ढकलायचे.